पिस्तूल आणि खरेदीखत

रसिक : वकीलसाहेब, गुंडपटाची वंशावळ सांगणारे बहुतेक जण तीन मूकपटांची नावं घेतात. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा १९१२चा ‘द मस्केटिअर्स ऑफ पिग अ‍ॅली’, राउल वॉल्शचा १९१५चा ‘रीजनरेशन’ आणि जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा १९२७चा ‘अंडरवर्ल्ड’. पहिला जेमतेम सतरा-अठरा मिनिटांचा, न्यूयॉर्कच्या गल्लीबोळातला. दुसरा त्याच शहराच्या बावरी भागात कॅमेरा नेऊन केलेला. तिसऱ्याची कथा शिकागोत वार्ताहरकी केलेल्या बेन हेक्टची. ऑस्करच्या पहिल्याच वर्षी तिला पारितोषिक मिळालं. या यादीशी माझं भांडण नाही. भांडण आपल्या माणसांशी आहे. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांची, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत राबतो. आपण त्याला वास्तववादी चित्रपटांचा आद्यपुरुष ठरवलं, हार घातला आणि मोकळे झालो. गुन्हेगारीच्या सिनेमाची चर्चा निघाली की त्याचं नाव कोणी काढत नाही. मी म्हणतो, मराठी मूकपटातला गुंडपट शोधायचा तर तो हाच. यातल्या गुंडाला पिस्तुलाची गरज पडली नाही, एवढाच फरक.

वकील : तो ‘एवढाच’ फार महाग पडेल तुम्हाला, सर. ग्रिफिथचा तो सिनेमा नातवानं मला मोबाइलवर दाखवला. त्यात गुंड एका विटांच्या भिंतीला घासून, सावधपणे, एकामागून एक पुढे सरकतात. सरकता सरकता पहिला इतका जवळ येतो की त्याच्या चेहऱ्यानं पडदा व्यापतो. डोळे सारखे भिरभिरतायत, मान जरासुद्धा हलत नाही. बाकीचं मी विसरलो, तो चेहरा विसरलो नाही. त्याची भीती नाही वाटली मला. हा आता काय करतो याची ओढ लागली. गुंडपट म्हणजे ती ओढ. कायदा मोडणाऱ्याकडे कायदा पाळणाऱ्यानं तिकीट काढून बघत बसायचं. तुमच्या सावकाराकडे असं कोण बघेल? आणि त्यानं मोडलं तरी काय? कर्ज दिलं, व्याज लावलं, रोखा लिहून घेतला, दावा लावला, हुकूमनामा मिळवला, जमीन जप्त करवली. प्रत्येक पायरीवर सरकारी शिक्का आहे. मी हयातभर दिवाणी आणि फौजदारी दोन्हीकडे उभा राहिलोय. गुंड फौजदारीत येतो तो बेड्या घालून येतो. सावकार दिवाणीत येतो तेव्हा लोक सरकून त्याला बाकावर जागा करून देतात. या दोघांना एका चौकटीत बसवलंत तर उद्या गिरणीमालकही गुंड, जमीनदारही गुंड, सुनेला छळणारी सासूही गुंड. मग गुंडपट असा वेगळा काढायचाच कशाला?

आणि १९२५ सालचा गुंडपटच हवा असेल तर खराखुरा आहे की! मुंबईच्या कोहिनूर कंपनीचा ‘कुलीन कांता’, दिग्दर्शक होमी मास्टर. त्या वर्षी १२ जानेवारीला मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवली आणि त्याला गोळ्या घातल्या. सोबत मुमताज बेगम होती, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या ताब्यातून निसटून आलेली. तिला उचलून न्यायला आलेल्या टोळीनं तिच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. पेपरांत महिनोन् महिने दुसरा विषय नव्हता, आणि त्याच वर्षात त्याच प्रकरणावर मूकपट आला. मोटार आहे, पिस्तूल आहे, टोळी आहे, बाई आहे, राजा आहे. एवढं पुढ्यात वाढून ठेवलेलं असताना तुम्ही कोल्हापूरच्या झोपडीत कशाला जाता?

रसिक : बावलाचं प्रकरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. त्या टोळीतल्यांची नावं-गावं आठवा. बरेचसे इंदूर संस्थानाशी बांधलेले, चाकरीतले लोक. खटला त्यांच्यावर चालला, फाशीच्या शिक्षा त्यांना झाल्या. संशयाची सुई जिथे वळत होती तिथे मात्र आरोपपत्र पोचलं नाही. तुकोजीरावांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या, चौकशीला सामोरं जा नाहीतर गादी सोडा. १९२६ साली त्यांनी गादी सोडली, प्रकरण मिटलं. म्हणजे ज्याच्या हातात पिस्तूल तो या गोष्टीतला सगळ्यात लहान माणूस. तुमच्या व्याख्येनं गेलो तर आपण त्या लहान माणसाकडेच बघत बसू.

आणि ग्रिफिथच्या सिनेमात तुम्ही त्या चेहऱ्यापाशीच थांबलात. शेवट पाहिलात का? गुंड पोलिसाच्या तावडीतून सुटतो. दारात उभा राहतो. दाराआडून एक हात पुढे येतो, नुसता हात, त्यात नोटा. हात कोणाचा, ते दिसत नाही. सोबत पाटी असते, तिचा मथितार्थ असा की ही व्यवस्थेच्या साखळीतली कडी आहे. १९१२ साली, गुंडपटाचं अजून बारसंही झालेलं नसताना, त्यातल्या पहिल्याच नावाजलेल्या चित्रपटानं सांगून टाकलं की टोळी कायद्याच्या बाहेर राहत नाही, कायद्याशी देवाणघेवाण करून राहते. तुम्ही म्हणता सावकारानं कायदा मोडला नाही. मी म्हणतो, ज्याच्यावर कायदा मोडण्याची पाळीच आली नाही तो सगळ्यात यशस्वी गुंड. अमेरिकेतल्या गुंडाला पोलीस विकत घ्यावा लागत होता. आपल्याकडच्याला तो कोर्ट फीच्या तिकिटात मिळत होता.

वकील : हे बोलणं सभेत शोभतं. मला पुरावा द्या. ‘सावकारी पाश’ तुम्ही पाहिलाय? मी पाहिला नाही, आपल्या बापजाद्यांनीही पाहिला नसेल. त्याची मूक प्रत उरलेली नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि धड शिल्लक राहिलेले फार थोडे. नायट्रेटच्या फिती, पेटल्या की विझत नाहीत. न पेटलेल्या भंगारात गेल्या, चांदी काढून घ्यायला. पुण्याचं फिल्म संग्रहालय १९६४ साली निघालं, तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. म्हणजे साक्षीदार हयात नाही, मूळ दस्त जळालेला. बाबूरावांनी १९३६ साली तीच कथा पुन्हा बोलपट म्हणून काढली, हे मला माहीत आहे. पण अकरा वर्षांनी केलेली दुसरी कृती पहिलीचा पुरावा होत नाही. तेवढ्यात बोलपट आला, प्रभात आली, पेंटर स्वतः बदलले. न पाहिलेल्या सिनेमाला इतिहासात जागा मागणं म्हणजे सातबारा नसताना कब्जा सांगण्यासारखं आहे.

रसिक : कब्जाही पुराव्यानं शाबीत होतो, हे तुम्हीच शिकवलंत मला. आणि वॉल्शच्या ‘रीजनरेशन’ची गोष्ट ऐका. तोही कित्येक वर्षं हरवलेलाच धरला होता. सत्तरच्या दशकात प्रत सापडली आणि इतिहासाचं पान बदललं. प्रत सापडण्याआधी तो सिनेमा नव्हता का?

आता ‘सावकारी पाश’बद्दल उरलंय काय ते सांगतो. ज्यानं तो काढला तो माणूस आपल्याला माहीत आहे. बाबूराव मेस्त्री, नाटकांचे पडदे रंगवणारा, म्हणून पेंटर. चुलतभाऊ आनंदराव कॅमेरा जुळवायच्या खटपटीत असतानाच गेला, तर यानं तो पुढे हाती घेऊन दामल्यांसारख्या साथीदारांच्या मदतीनं पुरा केला. १९२०च्या ‘सैरंध्री’त कीचकवध इतका खरा उतरला की सेन्सॉरनं तो भाग काढायला लावला. १९२३च्या ‘सिंहगड’साठी त्यानं कृत्रिम प्रकाशाचा प्रयोग केला. म्हणजे अंधार कसा रंगवायचा हे कळलेला, आणि हिंसा दाखवायला न कचरणारा हा माणूस. तो देवादिकांतून, मावळ्यांतून उठून एका कुणब्याच्या खोपटात शिरतो, तेव्हा तिथे काय दिसतं? जे. बी. एच. वाडियांनी पुढे आठवण सांगितली आहे: मंद उजेडातलं ते उदास खोपटं, आणि भुंकणारं, रडणारं कुत्रं. मूकपटातलं कुत्रं, साहेब. आवाज नाही, नुसतं वर केलेलं तोंड. हा माणूस पुढे स्वतः धडाकेबाज स्टंटपट काढणारा, नादियाला घोड्यावर बसवणारा. इतकं पाहिलं-काढलं त्यानं, आणि लक्षात राहिलं काय, तर ते कुत्रं. अंधार, सावली, दारिद्र्य, आणि बाहेर कुठेतरी दबा धरून बसलेलं संकट. स्टर्नबर्गनं दोन वर्षांनी धुरकट उजेडात शहर रंगवलं, तेव्हा जग म्हणालं की नवी शैली आली.

वकील : कुत्र्याचं मला आवडलं. पण तुम्ही खोपट्यापाशी थांबलात. तो सिनेमा खरा अडला असेल तो कागदापाशी. आता हे माझं क्षेत्र, जरा सविस्तर सांगू द्या.

मूकपटात माणूस बोलत नाही, पाटी येते. पाटी वाचता यायला हवी. १९२५ साली तंबूत जमिनीवर बसलेल्या किती जणांना ती वाचता येत होती? म्हणून पडद्याजवळ उभा राहून कोणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवायचा, वर पदरचं मीठमसाला लावून. प्रेक्षकानं त्याच्यावर विश्वास टाकायचा. आता दस्त बघा. जुन्या कुठल्याही गहाणखताच्या, खरेदीखताच्या शेवटी एक ओळ असते: मजकूर वाचून दाखवला, समजला, कबूल आहे. त्याखाली अंगठा. वाचून कोणी दाखवला? बहुधा सावकाराच्याच माणसानं. म्हणजे त्या तंबूत बसलेला शेतकरी सावकाराच्या ओसरीवर जसा बसला होता तसाच बसलेला आहे. दोन्हीकडे समोर अक्षरं, आणि ती सांगणारा दुसराच. या जागेवर सिनेमाची आणि सावकारीची गाठ पडते, तुमच्या पिस्तुलापाशी नाही.

आपल्या मराठवाड्यातल्या चाकूरकडे तर त्याहून अवघड. तेव्हा निजामाचा अंमल. कचेरीचा कागद उर्दूत, सावकाराच्या वह्या मोडीत, आणि शेतकरी बोलणार मराठी, ती पण न वाचता येणारी. त्याच्या जमिनीचं काय झालं हे त्याच्या भाषेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी वकिलीला लागलो तेव्हा जुन्या फायलींत असे कागद यायचे, खासरा पाहणीच्या आधीचे. वाचायला म्हातारे मुन्शी शोधावे लागत. नातवाला कळायचं, आजानं काय लिहून दिलं होतं ते. तेही मुन्शी सांगेल तेवढंच.

आता लोकांनी यावर काय केलं? १८७५च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि तिथून दख्खनचे दंगे पसरले. इंग्रजांच्या लक्षात आलं की जमाव माणसं मारण्यापेक्षा कागद मागतोय. रोखे द्या, हुकूमनामे द्या. दिले की जाळायचे आणि निघून जायचं. न दिले तर मात्र घरादाराला आग. वाचता न येणाऱ्या माणसांना कागद किती नीट कळला होता बघा! त्यातून १८७९चा शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातलं मोलाचं कलम हे, की न्यायाधीशानं रोख्यावरच्या आकड्याशी थांबू नये, त्याच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती, पहिल्यापासूनचा हिशेब काढावा. सुरुवातीला पुणे, सातारा, नगर, सोलापूर एवढ्यांनाच लागू. कोल्हापूर संस्थान, आपण निजामात. आपल्याकडे सावकारांसाठी कायदा झाला तो १३४९ फसलीत, म्हणजे १९४०च्या तोंडावर. तुमचा सिनेमा आला तेव्हा चाकूरच्या शेतकऱ्यासाठी कागदाच्या मागे जाणारं कोणी नव्हतं.

आणि आज? २०१४चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा आहे. परवाना नसलेल्यानं दिलेल्या कर्जात जमीन गेली असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार जिल्हा उपनिबंधक उकरून काढू शकतो आणि खरेदीखत रद्द करून जमीन परत देऊ शकतो. म्हणजे पुन्हा कागदाच्या मागे जाणं. का लागलं हे कलम? कारण आता कोणी गहाणखत करतच नाही. सरळ खरेदीखत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघं शेजारी शेजारी बसतात. फोटो निघतो, अंगठा यंत्रावर टेकतो. मोबदला मिळाला का? मिळाला. खुशीनं देताय का? हो. बाहेर येऊन दोघं एका टपरीवर चहा पितात, पैसे सावकार देतो. बोली सगळी तोंडी: शेकडा तीननं, चारनं दरमहा व्याज, दोन वर्षांत रक्कम आण, जमीन परत लावून देतो. त्या वर्षी सोयाबीनचा भाव पडतो किंवा फुलोऱ्यात पाऊस दडी मारतो आणि बोली हवेत विरते. आता मला सांगा, सर, यात कॅमेऱ्यानं टिपायचं काय? कोणी पळत नाही, कोणी ओरडत नाही. रेकॉर्डवर दोन माणसं, दोन्ही राजीखुशी. गुंडपटाला शरीर लागतं. इथे नुसती सही आहे.

रसिक : कॅमेऱ्यानं टिपायचं काय म्हणता, आणि तो टपरीवरचा चहा तुम्ही मला आत्ता दाखवलात. त्याला कॅमेरा नको, फक्त तुमची नजर हवी. असो. शरीर हवं म्हणता तर तेही या गोष्टीत आहे, फक्त पुढच्या रिळात. सावकारानं ज्याची जमीन घेतली त्याचा मुलगा काय करतो, हे मेहबूब खाननं १९४० साली ‘औरत’मध्ये विचारलं, १९५७ साली ‘मदर इंडिया’त पुन्हा विचारलं. दोन्हीकडे सावकार कन्हैयालालच, तो हिशेब काही केल्या संपत नाही. त्यातला मुलगा बिरजू बंदूक उचलतो, डाकू होतो, सावकार सुखीलालाला मारतो, आईच्या गोळीनं मरतो. म्हणजे वहीच्या पोटी बंदूक जन्माला आली. ‘सावकारी पाश’मधला शेतकरी तर गिरणीत गेला. आता गिरणगावाचा पुढचा इतिहास बघा. १८ जानेवारी १९८२चा संप, गिरण्या कायमच्या थंड, आणि त्या चाळींतली पोरं टोळ्यांच्या हाताला लागलेली. महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ केला तो त्यावरच. शांतारामबापूंनी रंगवलेल्या त्या शेतकऱ्याचा पणतू रामगोपाल वर्माच्या ‘सत्या’च्या काळात अंधेरीत उभा आहे, असं का म्हणू नये?

वकील : कारण ते सोयीचं आहे म्हणून. लाखो माणसं गिरण्यांत राबली. मराठवाड्यातून, कोकणातून, घाटावरून गेलेली. संप मोडल्यावर कोणी रिक्षा चालवली, कोणी भाजी विकली, कोणी रात्रीची वॉचमनकी धरली, कितीतरी जण गावी परतून पुन्हा त्याच बांधावर उभे राहिले. पिस्तूल धरणारे मूठभर. तुम्ही त्या मूठभरांना सगळ्यांचे वारस नेमताय, कारण त्यांच्यावर सिनेमे निघाले. वॉचमनवर निघाले नाहीत. गुंडपटाचा हाच दोष मला पहिल्यापासून सलतो. तो दारिद्र्याची गोष्ट सांगायला बसतो आणि पिस्तुलाची सांगून उठतो. पेंटरांच्या शेतकऱ्यानं बंदूक उचलली नाही, तो कामाला गेला. त्यात त्या सिनेमाची अब्रू आहे. ती तुम्ही मेहबूब खानच्या आणि रामगोपाल वर्माच्या खात्यावर जमा करू नका.

रसिक : हे मला मान्य करावं लागेल. वंशावळीचा मोह आवरला नाही. मग वारसा सोडतो आणि तुमच्या पहिल्या मुद्द्यावर येतो, ओढीच्या. तुम्ही म्हणालात सावकाराकडे कोण ओढीनं बघेल. मला सांगा, २०१४चा कायदा इतका धारदार आहे तर तुमच्याकडे तक्रारींची रांग लागत असेल.

वकील : कसली रांग! चार जणांनी समजूत घालून आणला तर एखादा येतो. आणि आला तरी बोलतो कसा? सावकाराला शिव्या देत नाही. म्हणतो, वकीलसाहेब, माणूस तसा वाईट नाही. पोरीच्या लग्नाला बँकेनं हात वर केले, सोयरे फिरकले नाहीत, तेव्हा रात्री अकराला त्यानं पैसे मोजून दिले, एक शब्द विचारला नाही. म्हातारी दवाखान्यात होती तेव्हा लातूरला स्वतःच्या गाडीनं घेऊन गेला. मी म्हणतो, बाबा, तुझं दोन एकर गेलं. तो म्हणतो, गेलं खरं, पण अडीनडीला तोच होता. अर्जावर सही करताना हात थरथरतो तो भीतीनं थरथरतो असं मला पूर्वी वाटायचं. निम्मी लाज असते ती. खाल्ल्या मिठाला जागलो नाही ही. आणि पुढच्या पेरणीला दार तेच ठोठावायचंय, हाही हिशेब असतो. आडतीवर उचल घेतलेला माणूस आडत्याविरुद्ध कधी बोलताना ऐकलाय?

रसिक : साहेब, तुम्ही आत्ता ‘अंडरवर्ल्ड’ची कथा सांगितलीत.

वकील : ती कशी?

रसिक : तुम्ही तो पाहिलेला नाही, म्हणून सांगतो. बुल वीड नावाचा दरोडेखोर. बँक फोडून बाहेर पडतो तर समोर एक दारुडा, फाटका माणूस. हा दारुडा पूर्वाश्रमीचा वकील आहे, राग मानू नका. बुल त्याला बार झाडायला लागलेल्या अवस्थेतून उचलतो, पैसे देतो, कपडे देतो, माणसात आणतो. तोंड बंद ठेवणारा म्हणून त्याला रोल्स रॉइस हे नाव पडतं. पुढे हा वकील बुलच्याच बाईच्या, फेदर्सच्या प्रेमात पडतो, तीही त्याच्या. बुल पकडला जातो, फाशीची शिक्षा होते. आता या दोघांनी पळून जाणं सोपं आहे. सिनेमा अर्धा अधिक याच्यावर उभा आहे की ते पळू शकत नाहीत. ज्यानं चिखलातून उचललं त्याला सोडून जायचं कसं? पिस्तुलं, मशीनगनी शेवटी येतात, पण कथा पुढे ढकलते ती उपकाराची बाकी. आणि तुमच्या ग्रिफिथमध्येही तेच. गुंड त्या गरीब मुलीला गुंगीच्या दारूपासून वाचवतो, म्हणून तीच मुलगी, जिच्या नवऱ्याला याच गुंडानं लुटलं होतं, पोलिसासमोर त्याच्या बाजूनं खोटी साक्ष देते. उपकाराची फेड. म्हणजे गुंडपटाच्या मुळाशी तुम्ही समजता तसं पिस्तूल नाही. देणं आहे. तुमचा पक्षकार अर्जावर सही करताना थरथरतो, तो रोल्स रॉइस आहे.

वकील : थांबा. हे मी सहजासहजी सोडणार नाही. बुल वीड देतो ते परत मागत नाही. सावकार देतो तेव्हाच मागून ठेवतो. एकाचा उपकार, दुसऱ्याचा सापळा.

रसिक : बुल मागत नाही? त्या दोघांनी आपल्याशी दगा केला असा नुसता संशय आल्याबरोबर तो तुरुंग फोडून त्यांना मारायला निघतो. उपकाराची वसुली त्यालाही हवीच असते, फक्त व्याज निष्ठेत लावलेलं असतं. शेवटी पोलिसांनी घर वेढलेलं असताना त्याला कळतं की ते दोघं खरे होते, तेव्हा तो त्यांना चोरवाटेनं काढून देतो आणि स्वतः हातकड्यांना सामोरा जातो. तुमच्या भाषेत सांगायचं तर बोजा उतरवून देतो. प्रेक्षक तिथे रडतो. एका धनकोनं आपणहून खातं बंद केलं म्हणून.

वकील : म्हणून तो सिनेमा. आमच्याकडचा धनको खातं बंद करत नाही. पण तुम्ही एक कोपरा दाखवलात खरा, आणि आता माझी शंका बदलली. ती आधीपेक्षा वाईट आहे, ऐका. ‘सावकारी पाश’मध्ये असा एखादा प्रसंग होता का, जिथे शेतकरी सावकारापुढे मनापासून हात जोडतो? नड भागली म्हणून डोळ्यांत पाणी येतं आणि सावकारालाही क्षणभर आपण देवमाणूस असल्यासारखं वाटतं? त्यातला सावकार झुंझारराव पवारांनी केला. पैलवानी बांध्याचा नट, खलनायक म्हणून गाजलेला. त्यानं कीचकासारखे डोळे वटारले असतील तर ती फिर्याद झाली. एकतर्फी, खरी, आवश्यक असेल, पण फिर्याद. मग मी म्हणेन, तो गुंडपट नव्हता, आणि माझ्या पक्षकारांनाही त्यातलं काही ओळखू आलं नसतं. ‘आमचा सावकार असा नाही’ म्हणत ते तंबूतून बाहेर पडले असते, आणि सावकार स्वतः पहिल्या रांगेत बसून म्हणाला असता, फार दुष्ट लोक होते बुवा पूर्वी.

रसिक : आणि पवारांनी त्या क्षणी डोळे वटारले नसतील तर? पेंटर कीचकाचा खून दाखवणारा माणूस होता खरा, पण त्या कुत्र्यापाशी थांबणाराही तोच होता. सिनेमा नावाजला गेला, लोकांनी मात्र हवा तसा डोक्यावर घेतला नाही. त्यांना राजे, किल्ले, चमत्कार हवे होते, असं कारण आपण नेहमी देतो. मला आता वेगळंच वाटायला लागलंय. त्या अंधाऱ्या खोपट्यात कदाचित तेच होतं जे तुम्ही म्हणता, हात जोडलेले होते, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला आपलेच जोडलेले हात नको होते.

वकील : हे सिद्ध कसं करणार? साक्षीदार नाही.

रसिक : नाही. पण तुम्ही मघाशी म्हणालात तो सिनेमा कागदापाशी अडला असेल. आता काय म्हणता? तो कागदापाशी अडला, की कागदाच्या आधी, पैसे मोजून हातावर ठेवले त्या क्षणापाशी?

वकील : त्या क्षणाचा दस्त होत नसतो, सर. म्हणून तर उपनिबंधकापुढे आम्ही हरतो. पैसे रोख दिले, रात्री दिले, कोणी पाहिलं नाही. पेंटरांनी तेवढं एक दृश्य घेतलं असेल आणि ती फीत कुठे सापडली, तर मला पहिल्यांदा दाखवा. मी ते गुंडपट म्हणून बघायला तयार आहे. पण दिव्याखाली नोटा मोजणाऱ्याचा चेहरा जवळून घेतलेला असला पाहिजे, त्या भिंतीपाशी सरकणाऱ्या गुंडासारखा, पडदाभर. आणि तो चेहरा वाईट दिसता कामा नये.